मालनला काय बाधलं

मासळी बाजारात ‘बाधला’ या क्रियापदाला कर्ता जोडावा लागत नाही. अमक्याला बाधला म्हटलं की मासा. गोळी लागू पडते किंवा पडत नाही, डॉक्टरच्या हाताला गुण असतो किंवा नसतो, बर्फ कमी पडतो. बाधतो तो मासाच. अंधेरी पश्चिमेच्या बाजारात तीसेक वर्षं ओट्यावर बसलेल्या मालनला हे व्याकरण पाठ होतं. तिची सगळी इज्जत एका न उच्चारलेल्या वाक्यावर उभी होती. मालनचा मासा बाधला, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. जे म्हणायच्या बेतात होते त्यांना तिने म्हणू दिलं नव्हतं.

टॉवरमधल्या एका बाईंनी एकदा येऊन सांगितलं, की कालच्या सुरमईने रात्रभर पोट दुखलं. मालनने कोयता खाली ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने उलटतपासणी सुरू केली.

“सुरमईच्या आधी काय खाल्लं? नि नंतर? नवऱ्यानंबी खाल्ली ना? त्याचं पोट दुखलं? नाय ना? मग सुरमईनं तुमचंच काय घोडं मारलं होतं?”

बाईंनी शेवटी संध्याकाळची पाणीपुरी कबूल केली. त्या कबुलीवर मालन आठवडाभर जगली.

तिच्या शेजारच्या ओट्यावर तिची नणंद मंजुळा बसायची. सासूचा मूळचा ओटा एकच. सासू गेल्यावर मधोमध विटांची एक रांग घालून त्याचे दोन झाले. दोघी वेसाव्याच्या एकाच बोटीचा माल उचलत. तरीही आपला तो ताजा आणि पलीकडचा तो कालचा, असं दोघी वर्षानुवर्षं मनापासून सांगत. एकमेकींशी थेट बोलायची वेळ आली तर मधे गिऱ्हाईक धरायच्या. “ताई, बाजूच्या बाईला सांगा, पाणी हिकडं सोडू नको.” ताई बिचाऱ्या सांगत.

मालनचा सगळा बंदोबस्त असा माणसांविरुद्ध होता. शिंगाळ्याचा त्यात विचार झाला नव्हता. शिंगाळा मेला तरी त्याचा काटा मेलेला नसतो. नारळी पौर्णिमा उलटून बोटी पुन्हा बाहेर पडल्या त्या दिवसांत, एक मोठा शिंगाळा साफ करताना त्याच्या कल्ल्याजवळच्या पराचा काटा तिच्या डाव्या अंगठ्यात गेला. तिने हळद दाबली, माशाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्याचे तुकडे करून विकले. दोन दिवसांत अंगठा वांग्यासारखा झाला. मग मात्र ती डॉक्टर पाळंद्यांचा जिना चढली.

पाळंद्यांचा दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. वेटिंगच्या बाकांवर बसणारी निम्मी माणसं मालनची गिऱ्हाइकं, आणि डॉक्टर तपासायच्या खोलीचं दार कधी लावत नसत, त्यामुळे बाकांवर बसलेल्यांना करमणुकीसाठी टीव्ही लागत नसे. डॉक्टर मूळचे पार्ल्याचे, हुशार, हाताला हलके आणि शाकाहारी. शाकाहार हा त्यांच्या बाबतीत आहार नसून निदानपद्धती होती. पित्त, सांधे, केस गळणं, कशाचीही चौकशी ते ‘मासे किती खाता’ इथूनच सुरू करत.

अंगठा त्यांनी व्यवस्थित चिरून पू काढला. गोळ्या लिहिताना मान वर न करता विचारलं, “ॲलर्जी कशाची?”

“म्हंजे?”

“म्हणजे काही बाधतं का?”

“मना? कोळ्याच्या पोरीला काय बाधनार?” मालन म्हणाली, आणि बाकांकडे पाहून हसली. बाकंही हसली. डॉक्टरांनी ‘नाही’ असं लिहिलं. प्रश्न औषधाबद्दल होता, उत्तर माशाबद्दल. दोघांचंही समाधान झालं.

गोळ्यांचा पहिला खुराक संपला, पण अंगठ्यात थोडा पू उरला होता, म्हणून त्याच गोळ्या पुन्हा दिल्या गेल्या. दुसरा खुराक निम्म्यावर आला तशी मालनच्या अंगावर लाल चट्टे उठले. आधी पोटावर, मग पाठीवर, मग दंडांवर. खाज अशी की ओट्याच्या कडेवर पाठ घासावीशी वाटे. ती पुन्हा जिना चढली. डॉक्टरांनी दंड उजेडात धरला आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कित्येक वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाहुणा दारात दिसावा, तसं समाधान पसरलं.

“मासे बाधलेत तुम्हाला,” ते म्हणाले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती. “कोळंबी वगैरे आजपासून बंद. आणि गोळ्या पूर्ण करा. अर्ध्यात सोडल्या तर अंगठा पुन्हा चिघळेल.”

बाहेरच्या बाकांवरचं खोकणं थांबलं.

“काय बोललात?” मालनने विचारलं.

“मासे. वय वाढलं की अचानक होऊ शकतं. शास्त्र आहे.”

“जलमल्यापासनं खाते. आईच्या पोटात होते तवाबी खाल्लेत. इतकी वर्षं बाधले नाय ते आता काय तुमचा मुहूर्त बघून बाधले?”

“मी डॉक्टर आहे की तुम्ही?”

“मी कोळीण हाय. तुमी कवा कोळंबी बघितली तरी हाय का, हातात धरून?”

“बघायची गरज नाही. तुमचा दंड बघतोय ना.”

भांडण इथून पुढे चांगलंच रंगलं. कोळंबीची बाजू मालनने मांडली, शास्त्राची पाळंद्यांनी. या वादात गोळीची बाजू मांडायला किंवा तिच्यावर आरोप करायला कुणीच उभं नव्हतं. ती पाकिटात गप्प पडून होती. खाजेची एक जास्तीची गोळी लिहून घेऊन मालन जिना उतरली, तेव्हा बाकांवरच्या चार बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्या चौघींतल्या तिघी संध्याकाळी बाजारात आल्या आणि पापलेट मंजुळाकडून घेऊन गेल्या.

बातमी पसरायला मंजुळाला फार कष्ट पडले नाहीत. ती फक्त म्हणायची, “वयनीला बरं नाय गो. मी काय बोलनार, घरचीच हाय.” घरच्या माणसाने काही न बोलण्याइतकं वाईट प्रमाणपत्र दुसरं नसतं.

मालनने प्रतिहल्ला केला. भर गर्दीच्या वेळी ती ओट्यावर डबा उघडून बसू लागली. डब्यात कोळंबीचं कालवण, वर तळलेली मांदेली. समोरून जाणाऱ्याला बोलावून ती घास दाखवायची आणि मग खायची. “बघा. बाधला असता तर खाल्ला असता का?” तिने लांब हातांचं पोलकं शिवून घेतलं, चट्टे झाकले, आणि उन्हाळ्याहून वाईट अशा त्या दमट उकाड्यात घाम निथळत बसली. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एक तिने हट्टाने मोडली आणि दुसरी तितक्याच हट्टाने पाळली. गोळी एकही चुकवली नाही. मासे न सोडता आजार बरा करून दाखवायचा होता, आणि त्यासाठी औषध नेमाने घेणं भाग होतं. पाळंद्यांना हरवायला ती पाळंद्यांचंच औषध गिळत होती.

अंगठा झकास बरा झाला. बाकीची मालन तेवढी राहिली.

अंगात कसर राहू लागली. सांधे दुखायला लागले. मग अन्नावरची वासना गेली. डबा उघडला की मळमळे, पण तो समोर माणसं असताना उघडला असेल तर संपवावाच लागे. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या. पावलावर बोट दाबलं तर खळगा तसाच राही. कंबर भरून येई, आणि दिवसभर पाणी पिऊनही लघवीला नावापुरतं जावं लागे. हे शेवटचं तिने कुणालाच सांगितलं नाही. तिच्या मते ते घामावाटे जात होतं.

घरात हे पाहायला एकच माणूस होतं, आणि त्या माणसाशी मालन बोलत नव्हती. सून दिपाली गोरेगावची, मूळ घर देवगडकडचं. एमआयडीसीतल्या एका ऑफिसात कामाला जायची. मुलाने, निलेशने, हिला पसंत केलं तेव्हा मालनचा आक्षेप एवढाच होता, की ही लोकं माशाला नारळात बुडवून मारतात. दिपालीचा आक्षेप असा, की मेल्या माशाला आणखी किती मारणार. त्यावरून सुरू झालेला अबोला लग्नाच्या वाढदिवसासारखा दर वर्षी नव्याने साजरा व्हायचा. निलेश विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी नोकरीला होता आणि घरातही त्याचं धोरण तेच होतं. आपली नसलेली बॅग उचलायची नाही.

एका सकाळी मालन मोरीजवळ भिंतीला धरून उभी राहिली ती खाली बसली, आणि उठेना. दिपाली डबा भरत होती.

“चला,” ती म्हणाली. “रिक्षा बोलावलीय.”

“मी कुठं जात नाय. त्या पाळंद्याकडं तर नायच.”

“पाळंद्याकडे कोण नेतंय. मोठ्या हॉस्पिटलात चला. तोंड बघा आरशात, पापलेटासारखं झालंय.”

“माझ्या पापलेटाला नाव ठेवू नको.”

“ते चांगलंय हो. तुम्ही वाईट दिसताय.”

हॉस्पिटलात रक्त घेतलं गेलं, आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे चेहरे बदलले. किडनीचं काम किती चाललंय हे ज्याच्यावरून कळतं ते क्रिएटिनिन असायला हवं त्याच्या कितीतरी पट वर होतं. मालनला वॉर्डात घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी एकदा मशीनवर, म्हणजे डायलिसिसला. ती मशीनकडे बघत राहिली. आपलं रक्त आपल्या परवानगीशिवाय बाहेर फिरून येतंय, हा प्रकार तिला आवडला नाही.

किडनीच्या डॉक्टर शर्मिष्ठा तरुण होत्या, कमी बोलत, आणि उत्तर मिळेपर्यंत खाटेजवळून हलत नसत. मधुमेह नाही, ब्लड प्रेशर जुनं नाही, चांगल्या चालत्या किडन्या महिन्याभरात अशा का बसल्या, हे त्यांना समजत नव्हतं. त्या आल्या नेमकी ती भेटीची वेळ होती, आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला मंजुळा शहाळं घेऊन उभी होती.

“शहाळं देऊ नका, सध्या चालणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. मंजुळाने शहाळं पिशवीत परत घातलं. ते तिच्याच घरी गेलं. “मालनताई, मला नीट सांगा. या महिन्याभरात ताप? अंगावर पुरळ, चट्टे, खाज?”

मालनने डॉक्टरकडे पाहिलं, मग मंजुळाकडे. मंजुळाच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या मागे कान होते.

“नाय,” मालन म्हणाली.

“काहीच नाही? आठवून बघा. याच्यावर बरंच अवलंबून आहे.”

“मना काय बाधत नाय.”

“बाधण्याचं नाही विचारलं मी.”

“तरीबी नाय.”

चट्टे तोवर विरले होते. लांब बाह्यांचं पोलकं घरी होतं, अंगावर हॉस्पिटलचा ढगळ झगा होता, आणि दाखवण्यासारखं त्वचेवर काही उरलं नव्हतं. मालनच्या मनासारखं झालं असतं तर ती गोष्ट तिच्याबरोबर मशीनवर बसून राहिली असती. खाटेच्या पायथ्याशी दिपाली मोबाइल बघत होती. तिने मान वर केली.

“होते ना चट्टे. पाठभर. रात्री भिंतीला पाठ घासायच्या, मला आवाज यायचा.”

“तुना कोणी विचारलं?” मालन म्हणाली.

“डॉक्टरांनी.”

“घरभेदी.”

“घरभेदी तर घरभेदी. तुम्ही मेलात तर तुमचा ओटा माझ्या गळ्यात पडेल, आणि मला मासे साफ करता येत नाहीत.” दिपाली डॉक्टरांकडे वळली. “अंगठ्याला काटा लागला होता, त्याच्या गोळ्या चालू असताना आले. त्या पाळंदे डॉक्टरांनी सांगितलं मासे बाधले. म्हणून ह्या बोलत नाहीत.”

“कुठल्या गोळ्या?” शर्मिष्ठा डॉक्टरांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसल्या.

नाव निघालं. पेनिसिलिनच्या घराण्यातली गोळी, रोजच्या वापरातली, कुणालाही देतात ती. पुढच्याला फार वेळ लागला नाही. रक्तात ॲलर्जीच्या पेशी वाढलेल्या होत्याच. पाठीतून सुई घालून किडनीचा एक कण तपासायला काढला. “किती मोठा तुकडा?” मालनने विचारलं. तांदळाच्या दाण्याएवढा, असं कळल्यावर तिला तो तुकडा म्हणण्याच्या लायकीचा वाटला नाही. पण त्या कणात सगळं दिसलं. जे पुरळ कातडीवर आलं त्याचाच भाऊबंद आत किडनीत सुजून बसला होता. गोळी शरीराला शत्रू वाटली होती, आणि चट्टे उठल्यावरही ती पोटात जात राहिली होती.

“म्हंजे मासा नव्हता,” मालन म्हणाली.

“माशाचा काय संबंध? गोळी होती. ते घराणं तुम्हाला यापुढे कायमचं वर्ज्य. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे सांगायचं.”

“सोयरीक तुटली म्हना.”

“तुटली. आणि पुरळ आल्याबरोबर गोळी थांबली असती तर एवढं झालंच नसतं,” शर्मिष्ठा डॉक्टर म्हणाल्या. हे वाक्य नेमकं कुणाला उद्देशून होतं ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. मालनने ते पाळंद्यांच्या नावे जमा केलं आणि त्यातला आपला वाटा घेतला नाही.

सूज उतरवायच्या स्टेरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या, लघवी मोकळी झाली, पुन्हा मशीनवर जायची वेळ आली नाही. किडन्या बऱ्याच परत आल्या. पूर्ण नाही. किती येतील हे काही महिन्यांनी कळेल, असं सांगून तिला घरी सोडलं. मीठ अगदी कमी, सुकट-बोंबील बंद, ताजा मासा बेताने.

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी मालन ओट्यावर गेली. दिपालीने जाऊ नका म्हणून सांगितलं, हे जाण्याला पुरेसं कारण होतं. बाजारात तिची रांग ओस होती. पण तिला धक्का बसला तो मंजुळाचीही रांग ओस पाहून. मंजुळाने या खेपेला मधे गिऱ्हाईक धरलं नाही. धरायला कुणी नव्हतंच.

“एकच बोट ना गो आपली,” मंजुळा म्हणाली. “आधी तुझ्याकडनं हिकडं आल्या. मग कळलं तू हॉस्पिटलात, किडनी गेली. मग हिकडनंबी गेल्या.”

“तूच लावलंस ना?”

“मी बाधला बोलले. किडनी मी कवा बोलले?” मंजुळाने हिशेबी सुरात सांगितलं. “आता बोंबलून सांगतेय गोळी होती, गोळी होती. कुनी ऐकत नाय. घरची हाय, घरचीच बाजू घेनार म्हनतात. विचारतात, डागतर काय बोलला? डागतर बोलला मासा. झालं.”

मालनने कोयता पाण्याने धुतला, फडक्याने पुसला, आणि ओट्यावर मंजुळाला बसवून उठली. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मंजुळाने तिच्या पापलेटांवर बर्फ सरकवला.

दवाखान्यात बाकं भरलेली होती. मालन नंबर न लावता सरळ आत गेली आणि दार, सवयीप्रमाणे, उघडंच राहिलं. तिने हॉस्पिटलचे कागद टेबलावर टाकले. पाळंद्यांनी चष्मा बदलून ते वाचले. दोनदा वाचले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज तोच राहिला.

“बसा,” ते म्हणाले.

“बसायला नाय आले.”

“हे होतं क्वचित. हजारांत एखाद्याला. आणि चट्टे बघून मला वाटलं—”

“मासे.”

“हो.”

“तुमाला तेच वाटतं. गुडघा मोडला तरी तुमाला बांगडा दिसतो.”

“तुम्हाला काय हवंय?” पाळंद्यांनी खालच्या आवाजात विचारलं. तक्रार, वकील, पेपरवाले, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. “जे काय म्हणणं असेल ते आपण नीट बसून—”

“बाहेर चला, नि सांगा.”

“कोणाला?”

“ह्यांना. मासा बाधला ते ह्यांच्यासमोर बोललात ना? आता ह्यांच्यासमोर परत घ्या.”

डॉक्टरांनी कागद मिटून ठेवले. मग उठले. दारात जाऊन उभे राहिले. बाकांवरच्या सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवले.

“यांच्या आजाराशी,” पाळंदे घसा साफ करून म्हणाले, “माशांचा संबंध असावा असं आता दिसत नाही.”

“असं नको,” मागून मालन म्हणाली.

“म्हणजे?”

“असावा, दिसत नाय, हे नको. शिळ्या मालाला असं बोलतात, ताजा असावा. नाय म्हना.”

“वैद्यकात शंभर टक्के असं काही—”

“मासा बोललात तवा किती टक्के होते?”

पाळंद्यांनी चष्मा काढला. त्या माणसाबद्दल बाजारात पुढे पुष्कळ वाईट बोललं गेलं, पण एवढं त्यांना द्यावं लागेल, की जेव्हा ते बोलले तेव्हा त्यांनी नेहमीचाच मोठा आवाज वापरला.

“मासा नव्हता. गोळी होती. मी दिलेली.”

मालनने मान हलवली. तिला पाहिजे तेवढं मिळालं होतं, वरचं त्यांनी आपण होऊन घातलं होतं. ती चपला शोधू लागली.

मग कोपऱ्यातल्या एका बाईंनी पर्स उघडून आतलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि लांब धरून नाव वाचायचा प्रयत्न केला. शेजारच्या काकांनी खिशात हात घातला. त्यांच्या पलीकडच्यांनीही. बघता बघता सगळ्या वेटिंगभर चांदीच्या कागदाची कुरकुर सुरू झाली.

“डॉक्टर,” त्या बाईंनी विचारलं, “कुठली गोळी म्हणालात?”

पाळंदे दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मालनने चांगला ओळखला. गेला महिनाभर तो तिने स्वतःच्या ओट्यावर बसून वागवला होता. तिला दया आली नाही. ती जिना उतरू लागली, एकेक पायरी, कठड्याला धरून, कारण पायांत अजून जोर नव्हता.

“मीठ सांभाळा,” वरून पाळंद्यांचा आवाज आला. “सुके मासे बंद ठेवा.”

“मीठ बंद हाय,” मालन खालून म्हणाली. “माशाचं नाव काढू नका.”